सासऱ्यांचा ट्रक आणि दोन साडू

३ जून

प्रिय पान्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण आमच्या घरातला फोन तुला माहीत आहे. तुझी मोठी मेव्हणी, जिला तू ताई म्हणतोस, म्हणजे आमचं कुटुंब, तो स्पीकरवर टाकते आणि पलीकडचा माणूस काय बोलला ते मलाच परत समजावून सांगते. तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस. पाकिटामागे माझ्या घड्याळजी मित्राच्या दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता आहे, तिथे पाठव.

विषय सासऱ्यांच्या ट्रकचा आहे. सासूबाईंनी तो विकायचं ठरवलंय. परवा जेवताना तुझ्या ताईने विषय काढला, सासूबाईंनी मान हलवली, झालं. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ येऊन बघूनही गेला. त्याला ट्रक पसंत आहे, फक्त स्टिअरिंग नाही. हातात थरथरतं, आणि स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा त्याच्या नळीत असा खडखडतो की आत कोणी डबा ठोकतंय असं वाटावं. म्हणाला, नळीतली वरची-खालची दोन्ही बेअरिंगं गेलीत, तेवढी बदलून ठेवा, जुलैच्या मध्यावर येतो, चालवून बघतो, नीट चालला तर घेऊन जातो. यावर तुझी ताई म्हणाली, "हे रिकामेच आहेत." म्हणजे मी.

आता तुला म्हणून सांगतो. मी पडलो घरजावई. नोकरी होती तोवर ठीक होतं, दिवसभर बाजारातली वजनं-मापं तपासत हिंडायचो. निवृत्त झालो आणि कळलं की या घरात माझी अशी खुर्चीच नाही. जिथे टेकावं तिथून उठवतात. उठा, झाडायचंय. उठा, पाहुणे येतायत. उठा, पंख्याखाली कपडे वाळत घालायचेत. म्हणून दुपारचं जेवण झालं की मी मागच्या शेडमध्ये जातो, ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसतो, दार ओढून घेतो आणि पेपर वाचतो. जगात तेवढी एकच जागा आहे जिथे मला कोणी उठा म्हणत नाही. ट्रक गेला की तीही गेली.

पण करणार काय? सासूबाईंचा शब्द. ज्यांच्या घरात राहतो त्यांच्या कामात खोट करणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तू जहाजांच्या वर्कशॉपमध्ये मुरलेला मेकॅनिक आहेस, आणि हात बसला तुझा तो याच ट्रकवर. कसं करायचं ते नीट, क्रमाने लिहून पाठव.

तुझा,
मापारी

ता. क. सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस. त्यांच्यासमोर अजून माझी जीभ टाळ्याला चिकटते.


१० जून

साडूभाऊंना लांबूनच दंडवत, हात ग्रीसने माखलेत.

पत्र वाचलं. विकताय? आपला ट्रक? मामंजींनी मला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते त्याच गाडीत शिकवलं, आणि दोन्ही एकदम दाबल्यावर जी शिवी दिली तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुमची धाकटी मेव्हणी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली तेव्हा मी त्याच ट्रकखाली आडवा होतो. फक्त पाय बाहेर होते. पायांना हसली म्हणा, पण हसली.

असो. सासूबाईंचा हुकूम म्हटल्यावर आपण कोण? काम सांगतो.

आधी बॅटरीची तार सोडवा. मग चाकाच्या मधलं हॉर्नचं बटण दाबून फिरवलं की निघेल, खालची स्प्रिंग उडेल, नाक सांभाळा. आत मोठा नट दिसेल तो काढा. चाक हाताने हिसडू नका, पुलर लावून वर ओढा. चाक कुठल्या खाचेत होतं याच्या खुणा-बिणा करत बसायची काही गरज नाही. उचलायचं, नंतर ठेवून द्यायचं. मग वरचं बेअरिंग निघेल. खालच्यासाठी ट्रकखाली जावं लागेल, दांडा जिथे स्टिअरिंगच्या पेटीत शिरतो तिथे एक पट्टा आहे, तो सैल करा.

नवी दोन्ही बेअरिंगं मीच पार्सलने पाठवतोय. तुम्ही बाजारात हिंडू नका, लोक फसवतात.

आणि एक. जागेची काळजी करू नका. मी आहे ना.

तुमचा,
पान्या


१८ जून

प्रिय पान्या,

पार्सल पोचलं. तुझे उपकार कसे फेडू? मात्र एक गडबड झालीय. तू पाठवलेलं वरचं बेअरिंग पाव सुताने मोठं आहे, आणि खालचं तर कुठल्या तरी पंपाचं असावं. व्हर्नियर लावून तीनदा मोजलं. वर्कशॉपच्या घाईत तुझा हात दुसऱ्याच खणात गेला असणार, होतं असं. मी जुनी बेअरिंगं खिशात घालून सुट्या भागांची पाच दुकानं पालथी घातली. पाचव्यात अगदी मापाची मिळाली. दुकानदार म्हणाला, अशी बेअरिंगं मागणारा गेल्या कैक वर्षांत पहिलाच तुम्ही. मला उगाच भरून आलं.

तुझ्या पत्रात दुसरीही एक चूक आहे. खुणा करू नका असं लिहिलंयस. "करा" लिहायचं राहून "करू नका" झालं असेल. मी चाक काढायच्या आधी पुढची चाकं सरळ करून घेतली, आणि दांड्यावर अन् स्टिअरिंगवर समोरासमोर पंचने ठिपका मारला. नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग तिरपं असं बसलं असतं.

पुलर घड्याळजींच्या मेव्हण्याकडून आणला. चाक काही केल्या सुटेना. मग एकदाच असा काही आवाज झाला की सासूबाई खिडकीत आल्या. मी सवयीने उभा राहिलो आणि डोकं टपाला आपटलं. त्या बराच वेळ ट्रककडे बघत उभ्या होत्या. बहुतेक हिशेब करत असाव्यात, शेड कधी रिकामी होतेय याचा.

तुझ्या ताईला चांगल्या टॉवेलावर ग्रीस सापडलंय. सध्या मी तिच्याशी बोलत नाही, म्हणजे ती बोलते आणि मी ऐकतो.

पुढचं लवकर कळव. काम चांगलं चाललंय आणि त्याचंच वाईट वाटतंय.

तुझा,
मापारी


२४ जून

साडूभाऊ,

तो व्हर्नियर तुमच्याकडे अजून कसा? निवृत्त होताना ऑफिसात परत करायचा असतो ना?

बरं, बरं. झालं ते झालं. आता पुढचं मी सांगतो तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. एका कामात दोन मेकॅनिक म्हणजे बारा भानगडी.

वरचं बेअरिंग बसवताना रुंद तोंड खाली करा. ग्रीस अजिबात लावू नका, धूळ धरते. बसत नसेल तर मोठा हातोडा घ्या आणि एकाच बाजूने हाणा. खालचा पट्टा एवढा आवळा की हाताला घाम फुटला पाहिजे. मग स्टिअरिंग जड जाईल, जाऊ दे. जड स्टिअरिंग ही जुन्या ट्रकची शान आहे. हललंच नाही तर मला कळवा, मी सवड मिळेल तसा येईन. दिवाळखोरीत निघालेल्या या वर्कशॉपमधून सवड मला पुढच्या वर्षीच मिळेल, पण येईन.

घाई करू नका. जुलै काय, ऑगस्टही चांगला महिना आहे.

तुमचा,
पान्या


१ जुलै

प्रिय पान्या,

हे पत्र मी काळजीने लिहितोय. तुझी तब्येत बरी आहे ना? डोळे तपासून घे बाबा. मागच्या पत्रातली एकही सूचना सरळ नाही.

रुंद तोंड खाली ठेवून पाहिलं तर गोळ्या बसतच नाहीत, नुसत्या तरंगतात. उलटं केलं, तर अशा बसल्या की जणू तिथेच जन्मल्या. ग्रीस भरपूर लावलं. हातोड्याने एका बाजूने हाणलं असतं तर बेअरिंग तिरकं होऊन फुटलं असतं, म्हणून मी त्याच रुंदीचा पाइपचा तुकडा वर ठेवून सगळ्या बाजूंनी हळूहळू ठोकलं. पट्टा आधी आवळला, स्टिअरिंग जड वाटलं, मग थोडा थोडा सैल करत आणला. एका जागी अशी वेळ आली की खेळही नाही आणि अडकही नाही. तिथेच थांबलो.

आता ऐक. चाक खुणेला खूण लावून बसवलं, नट आवळला आणि दांडा धरून हलवला. आवाज नाही. एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. फिरलं! लोण्यातून सुरी जावी तसं. सासरे हयातभर जो खडखडाट ऐकत चालवत होते, तो गेला. मी केबिनमध्ये एकटाच हसलो आणि मग लक्षात आलं की आपण आपल्याच हाताने आपली जागा दुसऱ्याला देऊन बसलो. पेपर उघडला, पण एक ओळ वाचवेना.

गिऱ्हाईक पंधरा तारखेला येतोय.

तुझा,
मापारी


५ जुलै, सगळ्यात महागड्या टपालाने

अहो देवमाणसा!

माझे डोळे ठणठणीत आहेत. डोकं धरायची वेळ आलीय ती तुमच्यामुळे. एवढी वर्षं एका घरात जेवलो आपण, आणि तुम्हाला अजून पान्या कळला नाही? ती बेअरिंगं मी मुद्दाम चुकीची पाठवली! पंपाचं शोधायला अख्खा दिवस घालवला! खुणा करू नका हेही मुद्दाम, रुंद तोंड खाली हेही मुद्दाम. म्हटलं स्टिअरिंग जाम होईल, ट्रक शेडच्या बाहेरच निघणार नाही, गिऱ्हाईक हात हलवत परत जाईल आणि तुम्ही सुखाने पेपर वाचाल. कोणाच्या जिवाला धोका नको म्हणून चालत्या गाडीत दगा देणारी खोट एकही सांगितली नाही, सगळी जाम होणारीच सांगितली. आणि तुम्ही? मी खड्डा खणतोय आणि तुम्ही मागून तो बुजवून वर फरशी बसवताय!

अजून वेळ गेलेली नाही. शेवटचा उपाय सांगतो. हॉर्नची तार नळीतून वर येते ना, ती चाकाखाली जिथे वळते तिथे तिचं रबर दोन बोटं सोलून काढा. मग डावीकडे वळलं की उघडी तार नळीला टेकणार आणि हॉर्न बोंबलणार. स्टिअरिंगला धक्का नाही, ब्रेकला नाही, कोणाला इजा नाही. नुसता बोभाटा. आपल्या गल्लीतून बाहेर पडून परत घरी येईस्तोवर सगळी वळणं डावीच आहेत. कोण घेईल असला ट्रक?

हे तुम्ही कराल असं मला वाटत नाही. पण करा. माझ्यासाठी नको, तुमच्या पाठीसाठी करा. त्या घरात तिला टेकायला दुसरी जागा नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमचा खोटारडा साडू,
पान्या


९ जुलै

पान्या,

पत्र वाचलं आणि घड्याळजींच्या बंबात टाकलं. मी जन्मभर लोकांच्या तराजूखालची चिकटवलेली चिंच काढत आलो, आणि तू मला तार सोलायला सांगतोस? मला वाचवायला तू एवढा खटाटोप केलास याचं बरं वाटलं, नाही असं नाही. पण असलं काही माझ्या हातून होणे नाही. पुन्हा लिहू नकोस.

मापारी


१५ जुलै

साडूभाऊ,

तुम्ही लिहू नकोस म्हणालात, म्हणून एवढंच लिहितो. आज पंधरा तारीख. सकाळपासून पाना दोनदा पायावर पडला. काय झालं ते कळवा.

पान्या


२१ जुलै

प्रिय पान्या,

बस खाली आणि वाच.

नऊ तारखेला तुला ते पत्र टाकलं, घरी आलो, शेडमध्ये जाऊन ट्रकमध्ये बसलो. मनाशी म्हटलं, उरलेले दिवस तरी शांतपणे बसू. तेवढ्यात तुझी ताई मोजायची टेप घेऊन आली. ट्रक गेल्यावर शेडमध्ये तिला शिवणाचा वर्ग काढायचाय. तिने पुढून मोजलं, मागून मोजलं, मग केबिनचं दार उघडून मला म्हणाली, "उठा जरा, मला इथून टेप टाकायचीय."

केबिनमध्ये, पान्या! माझ्या केबिनमध्ये मला उठा म्हणाली! मी उठलो. टेप ताणून ताणून अर्धा इंच खोटी झालीय तेही सांगितलं नाही. ती गेल्यावर घरात जाऊन तिचीच शिवणाची कात्री आणली आणि तार सोलली. तू दोन बोटं म्हणाला होतास, पण कोणाची बोटं ते लिहिलं नव्हतंस, म्हणून मी दीड इंच धरलं. हात असे थरथरत होते की बेअरिंगं बदलल्याचा काही उपयोग झालाय असं वाटेना.

पंधरा तारखेला गिऱ्हाईक आला. ट्रक शेडबाहेर काढला. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "मी पण बसते." सगळे बघतच राहिले. किती दिवसांत त्या फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं. गिऱ्हाईक ड्रायव्हर सीटवर, त्या शेजारी, आणि मी मागे हौद्यात उभा. एखाद्या चोराला धरून नेतात तसा.

फाटकातून बाहेर पडून पहिलं वळण घेतलं आणि हॉर्न जो बोंबलला! सासऱ्यांचा तो हॉर्न तुला आठवतो ना? म्हशीलाही लाज वाटावी असा. मी डोळे मिटून घेतले. दुसरं वळण, पुन्हा तेच. डोळे उघडून बघतो तर दारादारांत माणसं. पिठाच्या गिरणीवाला पांढरे हात घेऊन बाहेर आलेला. शिंपी गळ्यात टेप तशीच घेऊन धावत आला आणि ओरडला, "अरे, मालकांची गाडी!" कोणीतरी म्हणालं, "आजी बसल्यात बघा आत!" बायका हात करत होत्या. न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने उभा राहिला. आणि खिडकीतून सासूबाईंचा हात बाहेर आला. पहिल्यांदा संकोचून, मग पुढच्या वळणावर चांगला हलायला लागला. शेवटच्या वळणापर्यंत तर त्या हॉर्न वाजायच्या आधीच हात बाहेर काढत होत्या.

परत आलो. गिऱ्हाईक उतरला. चेहरा खुललेला! मला म्हणाला, "काय हात आहे तुमचा! असं स्टिअरिंग नव्या गाडीत नाही मिळत. हॉर्नचं काय, पाच मिनिटांचं काम. माझ्याकडून पक्कं." झालं.  एवढं पाप केलं ते फुकट गेलं. चांगलं केलेलं काम अंगाशी आलं आणि वाईट केलेलं कामी आलं नाही.

पण सासूबाई उतरेनात. मी दार उघडून हात पुढे केला तर म्हणाल्या, "यांना सांगा, चहा घेऊन जा. गाडी द्यायची नाही."

तुझी ताई धावत आली. "आई, अगं असं काय करतेस? ठरलं होतं आपलं!"

सासूबाई म्हणाल्या, "ठरलं तुझं होतं. मी मान हलवली होती."

 गिऱ्हाईक बिचारा दोन वेळा स्टिअरिंगला हात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, मी पेपर घेऊन उड्या मारतच शेडमध्ये गेलो. दार उघडलं तर ड्रायव्हर सीटवर सासूबाई! कशा चढल्या देव जाणे. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला म्हणाल्या, "या जावईबापू, तिकडून या." म्हणजे क्लीनरच्या बाजूने. गेलो. बसलो. तेव्हापासून रोज हेच चाललंय. एवढी खटपट, एवढा खोटेपणा, आणि माझी बढती ड्रायव्हरवरून क्लीनरवर. हसू नकोस.

पहिले काही दिवस मी पेपर वाचायचो, त्या समोर बघत बसायच्या. हळूच सांगितलं, डावीकडे फिरवू नका, हॉर्न वाजेल. त्यांनी लगेच फिरवून बघितलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांना मी असं हसताना लग्नापासून पाहिलं नव्हतं. मग काल त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही एवढी वर्षं इथे येऊन का बसत होता? मी खिडकीतून बघायची. वाटायचं, आमचा कंटाळा आला असेल."

जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी ओढून काढली. म्हटलं, "कंटाळा नाही हो. घरात मला टेकायला जागा नाही."

 मला वाटलं, त्या दुखावल्या. मग चाकावरून हात फिरवत म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे. पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी लेक म्हणते, आई, तू बस, काय हवंय ते सांग. खिडकीत उभी राहिले की म्हणते, वारा लागेल. तुमचं एक समजण्यासारखं आहे, तुम्ही परक्या घरात आलात. माझं मला कळेना, मी कुठे आलेय."

मी पेपरचं मधलं पान काढून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी घेतलं.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "आई! अहो! कुठे जाऊन बसलात दोघंही?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांपैकी कोणीही ओ दिली नाही.

तुझा,
मापारी